हजारातलं एक पाकीट

...नाही, पण मला एक सांगा, मोजलं म्हणून काय बिघडतं असं तुम्हाला वाटतंय ना? मलाही वाटायचं! अहो, इंटरनेटच्या कंपनीत पंचवीस वर्षं काढली मी... बरं, पंचवीस नाही, एकोणीस, आकड्यांच्या बाबतीत निदान मी तरी खरं बोललं पाहिजे... एकोणीस वर्षं, त्यातली पहिली चार तक्रारीच्या फोनवर आणि पुढची पंधरा नुसती मोजण्यात, आणि आज तुमच्यासमोर उभा राहून सांगतो, मोजू नये हो माणसानं काही!

आता मोजायचं म्हणजे काय? मी कुणाला सांगितलं की मी रहदारी मोजतो, की समोरचा लगेच, "अरे वा, म्हणजे चौकात उभे असता?" चौकात नाही हो, तारेत! तारेतली रहदारी! तुम्ही घरी पाय पसरून पिक्चर बघता, तो काय अख्खाच्या अख्खा तारेतून सरकत येतो? त्याचे तुकडे होतात, एकेक तुकडा एकेका पाकिटात, पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, आणि अशी लाखो पाकिटं दर सेकंदाला धावत असतात. ती किती धावली, कुठून निघाली, कुठे गेली, कुठली लाइन तुंबली, कुठली मोकळी पडली हे मोजायचं, आणि तुंबलेल्या लाइनवरची थोडी पाकिटं मोकळ्या लाइनवर वळवायची. झालं! एवढंच! सांगताना अर्धं मिनिट लागतं. पण आमच्या सासूबाईंना सांगून बघा!

सासूबाई आमच्याकडेच असतात. रोज संध्याकाळी आठच्या ठोक्याला धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल. आणि रोज आठ वाजून दोन मिनिटांनी ती बहीण गोठते. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हात हवेत. पाच पाच मिनिटं! समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून गप्प बसलाय हे दृश्य मला वैयक्तिक विचाराल तर फार आवडतं, पण सासूबाईंना नाही आवडत. मग हाक येते, "जावईबापू!"

"आलो."

"तुम्ही त्या नेटच्या कंपनीतच आहात ना अजून?"

"हो."

"काय करता तिथे?"

"मोजतो."

"काय?"

"नेटवरून किती काय जातं ते."

"मोजून झालं की?"

"साहेबांना सांगतो."

"मग ते काय करतात?"

"ते म्हणतात, पुन्हा मोजा."

यावर त्यांनी नुसतं आत स्वयंपाकघराकडे बघितलं, माझ्या बायकोकडे. त्या बघण्यात 'तेव्हा ते दुसरं स्थळ आलं होतं' हे सगळं आलं.

आता खरी परिस्थिती सांगतो. आम्ही राहतो त्या पूर्वेकडच्या वस्तीला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या आमच्या लाइनी दोन. एक वरची, एक खालची. वरची रोज आठला तुंबते, त्यातच सासूबाईंची बहीण अडकते. आणि खालची? खालची लाइन म्हणजे नवीन रंगवलेली पाहुण्यांची बेडरूम! स्वच्छ, शांत, रिकामी. कुणी तिकडे फिरकत नाही. मग वळवा ना थोडी पाकिटं खाली! पण किती वळवायची? कुठली वळवायची? कमी वळवली तर वरची तुंबलेलीच राहणार, जास्त वळवली तर खालची तुंबणार. म्हणजे आलंच... मोजणं!

आमच्या मोजणी विभागात माणसं तीन. एक मी. दुसऱ्या दशांशबाई. त्यांचं खरं नाव कंपनीत फक्त पगारपत्रकाला माहीत आहे. किती वाजले विचारलं तर "साडेदहा" असं या बाईंनी जन्मात सांगितलेलं नाही. "दहा वाजून एकोणतीस पूर्णांक चार." आणि तिसरे वायरवाले काका. काकांचा संगणकावर काडीचा विश्वास नाही. काका तारेला हात लावतात आणि तार कुठून कुठे जाते ते हातानं सांगतात. निवृत्तीला सात महिने उरलेत, त्यामुळे ते कुणाला घाबरतही नाहीत.

तर आमची पद्धत साधी होती. दर पाच मिनिटांनी लाइनवर किती पाकिटं गेली त्याची सरासरी घ्यायची. आता सरासरी हा काय प्रकार असतो हे आमच्या घरी येऊन बघा. सासूबाई दोन मिनिटं अखंड बोलतात, श्वास न घेता, आणि नंतर तीन मिनिटं दम खातात. पाच मिनिटांची सरासरी काढलीत तर बाई मितभाषी! तसंच लाइनचं. म्हणून दुसरी युक्ती. वरच्या लाइनच्या पलीकडच्या टोकाला एक भलामोठा राउटर बसवलाय. पाकिटांना वाट दाखवणारं यंत्र. त्याला सांगून ठेवायचं, बाबा रे, हजारातलं एक पाकीट थांबव, त्याचे दोन्ही पत्ते एका चिठ्ठीवर उतर आणि ती चिठ्ठी आमच्या खोलीतल्या मोजणीच्या यंत्राकडे पाठव. हजारात एक! भात शिजला का बघायला तुम्ही काय प्रत्येक शीत दाबून बघता?

आमचे साहेब बघतात.

सोमवारी सकाळी मी आणि दशांशबाई कागद घेऊन त्यांच्या केबिनमध्ये. दशांशबाई म्हणाल्या, "सर, वरच्या लाइनवरची एक्केचाळीस पूर्णांक तीन टक्के पाकिटं खाली वळवायची. आठ वाजता दोन्ही लाइनी व्यवस्थित चालतील."

साहेबांनी चष्मा काढला. साहेब चष्मा काढतात तेव्हा त्यांना दिसत काहीच नाही, पण विचार केल्यासारखं दिसतं. "हे कशावरून काढलंत?"

"हजारात एक पाकीट तपासून."

"म्हणजे उरलेली नऊशे नव्व्याण्णव?"

"ती तपासायची गरज नसते सर."

"गरज नसते!" साहेब खुर्चीतून उठलेच. "नऊशे नव्व्याण्णव पाकिटं आपल्या डोळ्यांदेखत निघून जातात आणि तुम्ही त्यांना विचारतसुद्धा नाही, की बाई गं कुठे चाललीस? हा आकडा नाही. हा अंदाज आहे! मला अंदाज नको. आकडा हवा! एकेक पाकीट मोजा. गुरुवारी बैठक आहे. गुरुवारी जर मला पूर्ण आकडा मिळाला नाही तर मोजणी विभागाची गरजच काय? तुम्ही तिघं तक्रारीच्या फोनवर. तिथे माणसं कमीच आहेत."

तक्रारीचा फोन!

तुम्हाला सांगतो, मी तिथे चार वर्षं काढली आहेत. कानावर ते यंत्र, समोर भिंत, आणि तोंडात एकच वाक्य, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?" आणि पलीकडून, "गेलं!" काय गेलं साहेब? "गेलं म्हणजे गेलं!" दिवा लागलाय का? "कुठला दिवा? आमच्याकडे चार आहेत, हॉलमध्ये." घरी गेल्यावर बायकोनं दार उघडलं की मी म्हणायचो, नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो. ती म्हणायची, भांडी घासा. दशांशबाईंचं तर काय होणार होतं? "माझं नेट मघापासून बंद आहे" म्हणणाऱ्या माणसाला त्या विचारणार, "मघापासून म्हणजे नेमकं किती पूर्णांक किती?" दोन दिवसांत गिऱ्हाइकं मोर्चा घेऊन आली असती. आणि काका म्हणाले, "मला काय, मी फोन उचलेन आणि ठेवून देईन."

मग काय करता? मोजायचं ठरवलं. एकेक पाकीट! मंगळवारी सकाळी राउटरला हुकूम सोडला, हजारातलं एक विसर बाबा, आता प्रत्येकाची चिठ्ठी पाठव. दशांशबाई म्हणाल्याही, "अहो, हे काही बरोबर वाटत नाही मला." मी म्हटलं, बाई, बरोबर कोण म्हणतंय? हुकूम म्हणतोय मी! आणि दाबलं बटण.

दुपारपर्यंत आकडे असे यायला लागले, असे यायला लागले... पडद्यावर नुसता धबधबा! मला तर भरून आलं. पंधरा वर्षं हजारात एक बघणारा माणूस मी, आणि आता सगळीच्या सगळी पाकिटं माझ्यासमोर! मी साहेबांना बोलावून दाखवलं. साहेब म्हणाले, "याला म्हणतात मोजणं!"

संध्याकाळी घरी गेलो. आठ वाजले. त्या दिवशी सासूबाईंची बहीण आठ वाजून दोन मिनिटांनी नाही गोठली. आठला शून्य मिनिटांनी गोठली! नुसतं कपाळ आलं होतं पडद्यावर. बाकीची बाई अजून वाटेत होती. सव्वानऊपर्यंत नाक आलं.

"जावईबापू!"

आलो.

"आज काय केलंत?"

मी म्हटलं, आज जास्त मोजलं.

"उद्या नका जाऊ," त्या म्हणाल्या.

बुधवारी बघतो तर वरची लाइन सकाळी दहालाच काठोकाठ. सकाळी दहाला! त्या वेळी पूर्वेकडच्या वस्तीत अर्धे लोक कामावर, अर्धे आंघोळीला, नेट वापरतंय कोण? आलेख बघावा तर सरळ रेघ. टेबलाच्या कडेसारखी. दशांशबाईंनी पडदा पुसून बघितला. आणि साहेब? साहेब खूश! "बघितलंत? ही गर्दी आपल्याला कधी दिसलीच नव्हती! कारण आपण मोजतच नव्हतो!" आता या माणसाला काय सांगणार? खोकला नव्हता, डॉक्टर आला आणि खोकला सुरू झाला, तर हा डॉक्टरचं अभिनंदन करणार. मोजू नये हो, मोजू नये माणसानं काही!

आणि त्याच दुपारी दशांशबाईंच्या यादीत तो सापडला. तो म्हणजे कोण? एक पत्ता. वरच्या लाइनवरची अर्ध्याहून जास्त पाकिटं एकाच पत्त्यावर चालली होती. एकाच! अख्खी वस्ती एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला. गिऱ्हाइकांच्या यादीत शोधलं, नाव नाही. जुन्या यादीत नाही. नव्या यादीत नाही. "चोपन्न पूर्णांक आठ टक्के," दशांशबाई म्हणाल्या, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःचाच आकडा पुन्हा तपासायला घेतला.

गुरुवार. बैठक. लांबलचक टेबल, चार विभागांचे प्रमुख, मधोमध साहेब, आणि भिंतीवर आमचा आकडा. मला वाटलं, आता साहेब ओरडणार, कोण हा लुटारू, बंद करा त्याला! कसलं काय! साहेबांनी चष्मा काढला, भिंतीकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "एवढं मोठं गिऱ्हाईक... आणि आपल्याला त्याचं नावसुद्धा माहीत नाही?"

मी म्हटलं, "सर, यादीत नाव नाहीये, मला वाटतं काहीतरी..."

"मोठी माणसं नाव नाही सांगत!" साहेब म्हणाले. "आपण त्याला कधी साधं धन्यवाद म्हटलं? तो बिचारा निमूट आपली अर्धी लाइन वापरतोय आणि आपण त्याला वस्तीतल्या फालतू गर्दीत उभं केलंय! वरची लाइन पूर्ण त्याला द्या. बाकी सगळ्यांना खाली ढकला."

बाकी सगळे म्हणजे कोण? अख्खी वस्ती. आणि माझ्या सासूबाई! म्हणजे खालची लाइन जागीच बसणार, बहिणीचं कपाळसुद्धा यायचं नाही, आणि मी घरी कुठल्या तोंडानं जाणार? मी धीर करून म्हटलं, सर, आधी तो आहे कोण ते तरी बघू या ना. साहेबांना ते पटलं, पण भलत्याच कारणानं पटलं. "बरोबर! आपण स्वतः जाऊन भेटू. फुलं मागवा!"

फुलं आली हो! हा एवढा गुच्छ, वर सोनेरी कागद. आणि गिऱ्हाईक शोधणार कोण? यादीत नाही, संगणकाला माहीत नाही. तेव्हा कोपऱ्यातून काका म्हणाले, "तार कुठेतरी जात असेलच ना. तारेला विचारू."

मग काय वरात निघाली म्हणता! तळमजल्यावरच्या यंत्रांच्या खोलीत, जिथे वरची लाइन इमारतीत शिरते, तिथे काकांनी आधी तारांवरच्या, पाकीट गेलं की लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे बघितलं. बाकीचे दिवे लुकलुक करत होते, एकच दिवा नुसता जळत होता, डोळा न मिटता. "हा," काका म्हणाले, आणि त्या दिव्याखालची निळी तार चिमटीत धरून निघाले. पुढे तार धरून काका, मागे गुच्छ धरून साहेब, त्यांच्यामागे चार प्रमुख, मग दशांशबाई आणि शेवटी मी. तार भिंतीवरून वर गेली, आम्ही जिन्यानं वर गेलो. साहेब म्हणाले, "बघा, इमारतीतच असणार! वरच्या मजल्यावर ती नवी ऑफिसं झालीत ना, त्यातलंच कुणीतरी." तार पहिल्या मजल्यावर वळली. पाणी पिण्याच्या जागेवरून गेली. नोटिसांच्या फळ्यामागून गेली. आणि मला हळूहळू तो रस्ता ओळखीचा वाटायला लागला. रोज डबा धुवायला मी त्याच रस्त्यानं जातो! दशांशबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी दशांशबाईंकडे बघितलं. आणि काका आमच्याच खोलीच्या दारात थांबले.

"इथे?" साहेब.

"आत," काका.

तार आत गेली, माझ्या टेबलाखालून गेली, माझ्या चपलांच्या शेजारून गेली, आणि कोपऱ्यातल्या एका करड्या पेटीत जाऊन शिरली. काकांनी पेटीवर हात ठेवला. "हे तुमचं गिऱ्हाईक."

मोजणीचं यंत्र! आमचंच! चिठ्ठ्या ज्याच्याकडे येतात ते!

आता बघा काय झालं होतं. प्रत्येक पाकिटाची एक चिठ्ठी. ती चिठ्ठी यायची कशी? तिला काय पंख आहेत? तीही पाकिटात बसूनच येणार, आणि त्याच वरच्या लाइनवरून येणार! मग राउटर म्हणतो, अरेच्चा, हे एक नवीन पाकीट, हुकूम आहे, याचीही चिठ्ठी. मग त्या चिठ्ठीचं पाकीट, त्या पाकिटाची चिठ्ठी... लाइन तुंबली होती ती आमच्या मोजण्यानं! हजारात एक होतं तेव्हा ते पुसटसंही जाणवत नव्हतं. तुम्ही विचाराल, स्वतःच्या यंत्राचा पत्ता स्वतःला ओळखता आला नाही? अहो, तुम्ही तुमच्या घरच्या नंबरवर कधी फोन करता का? त्यात महिन्यापूर्वी आमची खोली बदलली, तेव्हा यंत्राचा पत्ता बदलला, आणि तो यादीत चढवायचा राहिला. कुणाचा राहिला हे इथे महत्त्वाचं नाही. माझा राहिला.

पेटीतला पंखा आपला घरघरतोय. साहेब गुच्छ धरून उभे. चार प्रमुख साहेबांकडे बघतायत. एकाला खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं. मी मनातल्या मनात म्हणायला सुरुवात केली, नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो...

शेवटी दशांशबाईंनी पुढे होऊन राउटरला पुन्हा हजारात एक असा हुकूम दिला. आलेख धाडकन खाली. मग त्यांनी तीन दिवसांच्या आकड्यांतून सगळ्या चिठ्ठ्या वजा केल्या आणि उरलेल्या खऱ्या पाकिटांचा हिशोब मांडला. एकेक पाकीट मोजून आलेलं खरं, पूर्ण, अस्सल उत्तर. किती टक्के पाकिटं खाली वळवायची? एक्केचाळीस पूर्णांक दोन!

सोमवारी बाई म्हणाल्या होत्या, एक्केचाळीस पूर्णांक तीन.

साहेब तत्क्षणी जिवंत झाले. "बघा!" गुच्छ टेबलावर आपटून म्हणाले. "चूक होती ना तुमची! एक दशांश! म्हणून मी म्हणत होतो, एकेक मोजा!"

दशांशबाई रडायच्याच बाकी होत्या. साहेबांच्या बोलण्यानं नाही हो, त्या एका दशांशानं.

असो. पाकिटं खाली वळवायला बाईंना अकरा मिनिटं लागली. अकरा पूर्णांक काहीतरी. त्या संध्याकाळी आठ वाजता सासूबाईंची बहीण अख्खी आली, दोन्ही डोळ्यांसकट, आणि गोठली नाही. पावणेदहापर्यंत गोठली नाही! आता 'आवाज तुटतोय गं, ठेवते' असं म्हणायची सोय उरली नाही, त्यामुळे रोज पावणेदोन तास. बायको म्हणते, थोडंसं बिघडवता येईल का?

आणि विभाग? विभाग वाचला! अहो वाचला काय, वाढला! बैठकीच्या टिपणात साहेबांनी लिहिलं, की मोजणीच्या चिठ्ठ्यांमुळे गिऱ्हाइकांना त्रास होतो ही महत्त्वाची गोष्ट त्यांनी स्वतः, प्रत्यक्ष तारेमागे जाऊन शोधून काढली. त्यावर उपाय म्हणून मोजणीसाठी वेगळी लाइन टाकायची. कौतुक झालं. फुलं साहेबांनाच मिळाली, म्हणजे तीच, फक्त कागद नवा. आणि तिसरी लाइन आली सुद्धा! त्यावर गिऱ्हाईक एकही नाही, फक्त चिठ्ठ्या. मोजू नये हो माणसानं काही, म्हणून मी घसा कोरडा करतोय ते उगाच का?

परवा साहेब खोलीत आले. चष्मा काढला. म्हणाले, "ती नवी लाइन आपण टाकली, पण तिच्यावरून नेमकं किती जातंय याचा आकडा आहे का आपल्याकडे?"

म्हटलं, नाही.

"मग मोजा."

म्हटलं, बरं. मोजतो. एकेक?

"एकेक!"

तर सध्या तेच चाललंय. त्या चिठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या आता कुठल्या लाइनवरून आणायच्या, हा प्रश्न अगदी जिभेवर आला होता माझ्या... पण नाही विचारलं. विचारलं असतं तर चौथी टाकली असती, आणि तीही मोजायला मीच!